फुगवट्यावरचा पिवळा बल्ब

पिंपळगाव बसवंतला आमचं बॅटरी आणि ट्रॅक्टर वायरिंगचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझं. नवरा होता तेव्हा तो गल्ल्यावर बसायचा आणि मी ट्रॅक्टरखाली असायचे. आता दोन्हीकडे मीच असते. बाई वायरिंग करते म्हटल्यावर नवं गिऱ्हाईक आधी माझ्या मागे कुणी पुरुष उभा आहे का ते बघतं, मग मुकाट्याने बॉनेट उघडतं. या धंद्यात माझा पाण्याशी संबंध बॅटरीत ओतायच्या डिस्टिल्ड वॉटरपुरता. होडीत मी आयुष्यात कधी बसले नव्हते आणि मला पोहताही येत नाही. तरी यंदा दिवाळीनंतर, फवारणीचा धंदा ऐन भरात असताना, दुकानाला कुलूप लावून मी एका होडीचं वायरिंग बघायला गेले. परत आल्यावर जो भेटेल तो विचारतो की तिकडे होतं तरी काय. रोज नव्याने सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

होडी सोमाची. सोमा पेठच्या पुढचा, डोंगरातला. दरवर्षी द्राक्षछाटणीला बायको मंजुळासह आमच्याकडच्या बागांत यायचा. बागेतला ट्रॅक्टर बंद पडला की मी जायचे आणि हा फावल्या वेळात माझ्या डोक्याशी उभा राहून तारा बघायचा, हात न लावता. गेली दोन वर्षं मात्र तो आला नव्हता. त्यांच्या पाड्याने मिळून एक लोखंडी होडी घेतली होती आणि ती चालवायला सोमाला दिली होती.

त्याचा फोन आला तो असा. बॅटरी रोज सकाळी बसलेली असते. नवी टाकली, तीही बसली. एकदा तर रात्रीतून होडीच अर्धी पाण्यात बसली, ती सगळ्या पाड्याने ओढून काढली. तेव्हापासून बाया होडीत पाय ठेवत नाहीत, धरणाच्या फुगवट्याला वळसा घालून डोंगरातून चालत बाजाराला जातात. पाड्याच्या कारभाऱ्याने सांगितलंय, येत्या बाजारापर्यंत होडी नीट झाली तर ठीक, नाहीतर अलीकडच्या काठावर पर्यटकांची झोपडी-हॉटेलं बांधणारा एक माणूस ती मागतोय, त्याला देऊन टाकू.

"होडी गेली तर पुन्हा बिऱ्हाड उचलून बागांतच यावं लागंल, ताई," तो म्हणाला. "मंजुळानं आता कुठं परसात वांगी लावलीत."

वांग्यांसाठी मी निघाले, असं म्हटलं तरी चालेल.

वणीच्या पुढे

पिशवीत मीटर, टेस्ट लॅम्प, पक्कड, पाने आणि तारेची दोन भेंडोळी. वणीच्या स्टँडवर गडावर जाणाऱ्यांची गर्दी होती. एका आजींनी पिशवीत काय आहे विचारलं. सामान आहे म्हटलं, तर त्यांनी ओटीचं सामान समजून हात जोडले. मीही जोडले.

वणी सोडली की आमचा मुलूख हळूहळू संपतो. आधी द्राक्षाच्या बागा विरळ होतात, मग कांद्याच्या चाळी दिसेनाशा होतात, मग रस्त्याच्या कडेला भाताची कापणी दिसू लागते. आमच्याकडे शेत म्हणजे तारा, खांब आणि ठिबकच्या नळ्या. इकडे उतारावर नागली, म्हणजे नाचणी, उभी असते आणि तिला कुणी बांधलेलं नसतं. बस जिथे थांबली तिथे सोमा मोटारसायकल घेऊन उभा होता. पुढचा रस्ता मी डोळे मिटून काढला, कारण सोमा वळणावर मागे वळून बोलतो.

डोळे उघडले तेव्हा समोर पाणी होतं. नकाशावर निळी रेघ दिसते, प्रत्यक्षात ते डोंगराच्या प्रत्येक घळीत शिरून बसलं होतं. पलीकडे चढावर पाडा, कौलं, धूर. मध्ये निळ्या ऑइलपेंटची होडी. तिच्यावर विहिरीवर असतं तसं डिझेल इंजिन बसवलेलं, त्याला ट्रॅक्टरचा डायनामो, आणि मागच्या फळीवर चक्क ट्रॅक्टरचा स्विच. ते बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

चढताना सोमाने हात दिला आणि सांगितलं, "पुढं नाळेकडं जाऊ नका ताई. तिथं देवी हाय."

होडीच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेवर, पत्र्याचं लहानसं देवघर होतं. चाळणीसारखी भोकं पाडलेलं दार बंद, वर शेंदूर, खाली फुलं. मी लांबूनच हात जोडले. देवाच्या जागी हात घालायचा नाही, हा आमच्या धंद्यातलाही नियम आहे. ट्रॅक्टरच्या पुढे बांधलेलं लिंबूसुद्धा आम्ही मालकाला सोडायला लावतो.

पाडा

पलीकडे उतरले तर सगळा पाडा काठावर येऊन बसलेला. आमच्याकडे मिस्त्री आला की दहा जण भोवती उभे राहून त्याला वायरिंग शिकवतात. इथे कुणी बोलत नव्हतं. सगळे उकिडवे बसून बघत होते, आणि मला त्याचाच जास्त घाम फुटला.

कारभारी म्हणजे पांढऱ्या मिशांचा, टॉवेल खांद्यावर टाकलेला म्हातारा. त्याची बोली मला निम्मी कळली, उरलेली सोमाने सांगितली. म्हाताऱ्याचं म्हणणं एवढंच होतं की होडी सगळ्यांची आहे, ती बुडाली की नुकसान सगळ्यांचं होतं. बिघाड कुणामुळे झाला ते कळलं पाहिजे. काय बिघडलं हे त्याने विचारलं नाही, कुणामुळे हे विचारलं. हे मात्र अगदी आमच्या पिंपळगावसारखंच होतं.

उजेड होता तोवर मी कामाला लागले. बॅटरी रात्रीतून बसते म्हणजे सगळं बंद असतानाही कुणीतरी करंट खातंय. ते शोधायची जुनी रीत सोपी आहे. बॅटरीची एक तार काढायची आणि तार आणि बॅटरी यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प धरायचा. सगळं बंद असेल तर लॅम्प काळा राहिला पाहिजे. माझा लॅम्प मंद लागला. मग एकेक तार सोडवत जायचं; ज्या तारेला लॅम्प विझेल तिच्यात चोर. मी दिव्याची तार काढली, लॅम्प तसाच. हॉर्नची काढली, तसाच. पंपाची काढली, तरी तसाच. शेवटी स्विचच्या पुढे एकही तार उरली नाही आणि लॅम्प आपला लागलेला. मला आधी राग आला आणि मग जरा मजा वाटली.

त्या भरात पाना पाण्यात पडला. मी "गेला" म्हणेपर्यंत सोमाने उडी मारली होती. तो पाना घेऊन वर आला तेव्हा काठावरचे पहिल्यांदा हसले. मंजुळाने माझ्या हातातून पिशवी घेतली आणि जाळ्याच्या दोऱ्याचे तुकडे करून प्रत्येक हत्याराला एकेक फास बांधून दिला, मनगटात अडकवायला.

जेवायला नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि धरणातले बारीक मासे. वांगी अजून धरायची होती. भाकरी थापताना मंजुळा मला बागांतल्या ओळखीच्या माणसांची नावं घेऊन एकेकाची खुशाली विचारत होती. होडीचं मात्र तिने काहीच विचारलं नाही. मी म्हटलं, तू बसतेस की नाही होडीत. तिने नाही म्हणून मान हलवली. मागल्या पावसाळ्यात सोमा एकटाच पाण्यावर असताना वादळ आलं, अंधार झाला, त्याला काठ दिसेना आणि काठावरच्यांना होडी दिसेना. तो सापडेपर्यंत ती पाण्याशी उभी होती. तेव्हापासून तिने होडीत पाय ठेवला नव्हता. हे तिने भाकरी उलटता उलटता सांगितलं आणि मला अजून एक वाढली.

तार

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅटरीच्या खोक्यातच डोकं घातलं. स्विचच्या पुढे चोर नाही, म्हणजे तो स्विचच्या आधी असणार, थेट बॅटरीवर. ग्रीसच्या थराखाली जाड तारेला चिकटून एक बारीक तार निघाली. होडीच्या अंगाला लागते तिथून पुढे ती निळ्या ऑइलपेंटने रंगवलेली होती. कुणी तारेला रंग देत नाही, ती लपवायची असल्याशिवाय. बोटाने चाचपत मी पुढे पुढे गेले. फळ्यांच्या खालून, कडेकडेने, थेट नाळेपर्यंत. तिथे चप्पल काढली आणि देवघराचं दार उघडलं. शेंदराच्या तांदळ्याशेजारी, म्हणजे देवीच्या गोल दगडाशेजारी, ट्रॅक्टरच्या ब्रेकलाइटचा पिवळा बल्ब जळत होता.

सोमा मागे उभा होता. माझ्याकडे न बघता तो पाण्याकडे बघत होता. मग त्याने सगळं सांगितलं. वादळानंतर मंजुळाने गडावरच्या देवीला नवस बोलला होता की हा पाण्यावर असेल तोवर नाळेवरचा दिवा विझू देणार नाही. दिवा म्हणजे दिवा. रात्र असो की दिवस, स्विच बंद असो की चालू, त्याने जळलं पाहिजे. म्हणून सोमाने तो थेट बॅटरीवर घेतला. मी म्हटलं, अरे मग एलईडी लावायचा, ती वर्षभर जळली तरी बॅटरीला कळत नाही. तर म्हणाला, लावली होती. मंजुळाने काठावरूनच हात धरून बघितला आणि म्हणाली याची आरती घेता येत नाही, हा गार आहे. मग त्याने जुन्या ट्रॅक्टरचा हा बल्ब आणला. हा तापतो.

पुढचं मला न सांगता कळलं. एवढा बल्ब रात्रभर जळला की उजाडेपर्यंत बॅटरी बसणारच, आणि बॅटरी बसली की दिवाही विझणारच. सोमा रोज अंधारातच खाली यायचा, हँडल मारून इंजिन सुरू करायचा आणि मंजुळाने बघायच्या आत दिवा पेटलेला असायचा. तिला माहीत नव्हतं की तिचा दिवा रोज विझतो. पाड्याला माहीत नव्हतं की बॅटरी तो दिवा खातो. होडी हातची जायची वेळ आली तरी याने तोंड उघडलं नव्हतं.

"तिच्यामुळं बुडाली म्हणतील," एवढंच तो म्हणाला.

मला त्याचा रागही आला आणि कौतुकही वाटलं. पण होडी बुडाली ती काही नुसत्या दिव्यामुळे नाही. होडी ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथून होडीच्या बाहेर जातो त्या भोकातून थोडं पाणी झिरपतंच, सगळ्याच होड्यांत. ते उपसायला तळाशी एक छोटा पंप असतो. पाणी चढलं की फ्लोट उचलला जातो आणि पंप आपोआप सुरू होतो, गच्चीवरच्या टाकीसारखा. सोमाने हा पंप स्विचच्या पुढे जोडला होता आणि रोज संध्याकाळी न चुकता स्विच बंद करत होता. का, तर बागेतल्या ट्रॅक्टरचा स्विच आम्ही सगळे रात्री बंद करायला लावतो. ट्रॅक्टरच्या तळातून पाणी येत नाही, एवढाच फरक. म्हणजे रात्री पंप स्विचमुळे बंद, आणि सकाळी स्विच टाकावा तर बॅटरी दिव्यामुळे बसलेली. आमच्या द्राक्षबागेची शिस्त डोंगरातल्या पाण्यावर आली आणि होडी घेऊन बसली.

दुपारपर्यंत मी पंप थेट बॅटरीवर घेतला, मध्ये फ्यूज टाकला, सगळे जोड नवे केले. प्रत्येक हत्यार मनगटाला लोंबत होतं, त्यामुळे मी लग्नातल्या बँडवाल्यासारखी वाजत होते. मग सोमाला समजावलं. आता बॅटरीवर रात्री दोघं बसणार, पंप आणि दिवा. दिवा रात्रभर जळला तर पंपाला काही उरणार नाही. मधला मार्ग आहे, दिवा इंजिनच्या स्विचवर घेऊ. तू पाण्यावर निघालास की स्विच टाकणार, दिवा लागणार. घरी आलास की विझणार. बोललेलं मोडत नाही, तू पाण्यावर असशील तोवर दिवा आहेच.

सोमा नाही म्हणाला. दिवा विझायचा नाही, असंच ती बोलली आहे. त्यापेक्षा तो होडीत झोपेल आणि पंप बंद पडला की डब्याने पाणी उपसेल. रोज? रोज. मी म्हटलं, मग मला एवढ्या लांब बोलावलं कशाला, डबा तर तुमच्याकडे होताच. त्याने डबा उचलून बगलेत मारला. घोंगडी घेऊन तो होडीत झोपायला गेला. मी मंजुळाच्या घरात पडले आणि मनातल्या मनात दोघांनाही शिव्या घातल्या.

बाजाराचा दिवस

उजाडता उजाडता मंजुळा हंडा घेऊन निघाली, तिच्यामागे मीही. पाण्यावर धुकं होतं. नाळेवर अंधार होता. सोमा होडीत पाय पोटाशी घेऊन झोपला होता आणि त्याचा एक हात डब्यावर होता. डब्याशेजारी होडीच्या तळात पाणी साचलेलं दिसत होतं.

मी पुढे होऊन काहीतरी सारवासारव करणार, बॅटरी नवी आहे, तारा नव्या आहेत असलं काही. मंजुळाने हंडा खाली ठेवला.

"मला ठाऊक हाय ताई," ती हळूच म्हणाली. "रोज पाण्याला येते तवा बघते. विझल्याला असतो."

मी विचारलं, मग सोमाला का नाही सांगितलंस. त्याला वाटलं असतं देवीने सोडलं, आणि तो पाण्यावर भीत राहिला असता, म्हणाली. भिणारा माणूस पाण्यावर नको. मग मी तिला स्विचचं सांगितलं. तिने फार विचार केला नाही. पदराने हंड्याचा काठ पुसला आणि म्हणाली, "तसंच करा. घरी आला की मी हाय की त्याच्याजवळ. रातभर देवीला कशाला जागवायचं?"

मला गलबलून आलं. पण लोक यायच्या आत काम उरकायचं होतं, त्यामुळे ते बाजूला ठेवावं लागलं.

सोमाला हलवून उठवलं. मंजुळाने त्याला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, मी खोक्यात डोकं घालून होते. पण त्याने हँडल इतक्या जोरात मारलं की इंजिन पहिल्याच फटक्यात लागलं. ते चालत राहिलं, बॅटरी भरत राहिली आणि पंप रात्रीचं पाणी बाहेर फेकत राहिला. मी दिव्याची बारीक तार बॅटरीवरून काढून स्विचच्या पुढे जोडली. तिच्यावरचा निळा रंग मात्र खरवडला नाही.

कारभारी आला तेव्हा मागे डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया होत्या. म्हाताऱ्याने आधी होडीच्या तळाला हात लावून बघितला. मग इंजिन बंद करायला लावलं, स्विच बंद करायला लावला आणि मंजुळाचा हंडा मागून घेऊन स्वतः होडीत ओतला. पाणी फळ्यांखाली गेलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग आतून गुणगुण आली आणि कडेच्या नळीतून पाणी बाहेर पडू लागलं, सगळं संपेपर्यंत. स्विच बंदच होता. बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

म्हाताऱ्याने मला विचारलं, सोमाने ते मराठीत सांगितलं, जरी या वेळी मला कळलं होतं. कुणामुळे?

"पंप स्विचच्या चुकीच्या बाजूला होता," मी म्हटलं. "आमच्याकडे ट्रॅक्टरला तसाच असतो. होडीला चालत नाही."

हे खरंच होतं. म्हाताऱ्याने पिंपळगावच्या समस्त ट्रॅक्टरवाल्यांविषयी त्याच्या बोलीत काहीतरी म्हटलं आणि सगळे हसले. सोमाने ते मला सांगितलं नाही. मग म्हाताराच सगळ्यात आधी चढून बसला, आणि त्याच्यामागून पाट्या चढल्या.

मंजुळा सगळ्यात शेवटी आली. काठावर जरा थांबली, लुगडं वर खोचलं आणि चढली. तिने पाय ठेवला तेव्हा सोमा इंजिनशीच काहीतरी करत होता, पण त्याचं लक्ष कुठे होतं ते सगळ्यांना दिसत होतं. त्याने स्विच टाकला. नाळेवर पिवळा दिवा लागला.

पाण्याच्या मधोमध आलो तेव्हा मंजुळाने देवघराचं दार उघडलं. बल्बवर दोन्ही तळवे धरले, डोळ्यांना लावले, पुन्हा धरले. मग बायांच्या गुडघ्यांमधून, पाट्यांमधून वाट काढत ती होडीच्या मागच्या टोकापर्यंत आली. आरतीला ज्याला येता येत नाही, त्याच्याकडे घरचं माणूस आरती नेतं, तशी. सोमाचा हात सुकाणूवर होता. त्याने मान खाली केली आणि तिने तळवे त्याच्या डोळ्यांना लावले. मी मीटर बघतेय असं दाखवलं.

रस्त्याकडच्या काठाला होडी टेकली. बाया उतरल्या, पाट्या उतरल्या, मला सोडायला सोमाने मोटारसायकल सरळ केली. त्याआधी तो होडीच्या मागच्या फळीकडे गेला, स्विचवर हात ठेवला आणि मंजुळाकडे बघत राहिला. ती काठावरून म्हणाली, "चल की, बाजार भरला."

त्याने स्विच बंद केला. दिवा विझला. मंजुळा तोवर चढ चढायला लागली होती, तिने मागे वळून पाहिलं नाही.